साव्हेरिओ हे नाव

२००८ सालची गोष्ट. कॉन्चेटाबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर सगळ्यांत शेवटचं आणि जीभ सगळ्यांत तिखट. २००४ साली आम्ही राहायला आलो, तेव्हा मी टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवते म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला झापलं. तेव्हापासून आमचं जमलं.

इटलीहून आलेल्या त्यांच्या वडिलांची बेकरी होती. १९१० मध्ये बेकरीच्या दारात एक पत्र पडलं. पैसे द्या, नाहीतर दुकान उडवू, आणि खाली काळ्या शाईचा पंजा. पुढच्या आठवड्यात दुकानाची काच खरंच उडाली. पोलिसांना इटालियन येत नव्हतं, वडिलांना इंग्रजी. मग ते आपल्याच गावच्या एका वजनदार माणसाकडे गेले, डॉन साव्हेरिओकडे. त्याने मध्यस्थी केली, थोड्या पैशांत मिटवलं, पत्रं थांबली. वर्षभरात मुलगा झाला, बाईंचा थोरला भाऊ; त्याला वडिलांनी डॉनचंच नाव दिलं. बाप्तिस्म्याला बाळ हातात घेणारा धर्मपिताही तोच. मला यात काही नवल वाटलं नाही. आपण तरी कुठे पोलिसांत जातो? कुणा काकांना मध्ये घालतो.

आता कॉन्चेटाबाईंच्या पणतूचा बाप्तिस्मा रविवारी होता. त्याचं नावही साव्हेरिओच ठेवायचं, हा बाईंचा हट्ट.

मी काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात जुने कागद स्कॅन करते. बाई म्हणाल्या, "शुभा, त्या भल्या माणसाचं काही सापडलं तर आण. चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचीन."

सापडलं. १९१४ चा खटला. डॉनच्या घरात धमकीच्या पत्रांचे कच्चे खर्डे मिळाले होते, त्यांत बेकरीचंही पत्र होतं. धमकावणारा तोच, मिटवणाराही तोच! आणि खाली बाईंच्या वडिलांची साक्ष: "मला कधीच कसलं पत्र आलं नाही. हे गृहस्थ माझ्या मुलाचे धर्मपिता आहेत." डॉन निर्दोष सुटला होता.

"सोड ना यार," माझा नवरा रवींद्र म्हणाला. "या वयात त्यांना कशाला अपसेट करतेस?"

दोन दिवस मी बाईंच्या घरावरून तोंड लपवून गेले. पण त्या बाळाला आयुष्यभर ते नाव चिकटणार, या विचाराने मला राहवेना. शनिवारी सकाळी मी कागद त्यांच्या हातात दिले. भीती वाटत होती. खोटं का बोलू?

त्यांनी ते दोनदा वाचले. साक्षीच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. मग उठून त्यांनी नातवाला फोन लावला. "बाळाला दुसरं नाव शोध. आजच. कारण नंतर सांगते."

फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

"बाबांनी माझ्या भावाला जन्मात कधी नावाने हाक मारली नाही," त्या म्हणाल्या. "नेहमी नुसतं 'पोरा' म्हणायचे. आम्हाला वाटायचं, लाडाने म्हणतात."