कानशीनं घासलेली गोळी

माझा दादा तराजू दुरुस्त करतो. बाजारामागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं, कानशींचा डबा आणि भिंतीवर टांगलेल्या दांड्या नि पारडी. बाजारात त्याला सगळे काटेवाले म्हणतात. एखादा दुकानदार गालातल्या गालात हसत म्हणतो, "जरा आमच्या बाजूनं बघा ना." मग दादा त्याच्याकडे असा काही बघतो, की तो पुन्हा त्या गल्लीत फिरकत नाही. असल्यानं धंदा चालतो होय? मी हे त्याला तोंडावर सांगितलंय. मी धाकटी, पण घरातलं तोंड सगळं माझ्याच वाट्याला आलंय.

तरुणपणीच त्याला तो आजार झाला. कुणीतरी आपल्या पारड्यांखाली लोहचुंबक लावून ठेवतंय, असं त्याला वाटायला लागलं. भिंतीतून माणसं बोलायची, त्यांना तो उत्तरं द्यायचा. मग मानसोपचाराचे डॉक्टर झाले, रोज रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी सुरू झाली आणि माझा दादा मला परत मिळाला. पुढची कितीतरी वर्षं वहिनी ताट उचलायच्या आधी गोळी आणि पाणी त्याच्यापुढे ठेवायची, तो घ्यायचा, संपलं. त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

फुकट काही नव्हतं. सकाळी डोकं जड व्हायचं, पोट सुटलं आणि बोटं थरथरायला लागली. बारीक काम करताना तो मनगट टेबलाला टेकवून श्वास रोखून धरायचा. डॉक्टर दरवेळी विचारायचे, "हात थरथरतात का?" दादा दोन्ही हात मांडीखाली दाबून म्हणायचा, "छे, अजिबात नाही." वहिनी शेजारी बसून जमिनीकडे बघत राहायची. त्याचा पडलेला चेहरा तिला कधीच बघवत नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "खोटं कशाला बोललास?"

"काटेवाल्याचे हात थरथरतात हे बाजारात कळलं, की दुकान बंद करायचं."

"डॉक्टर काय तुझं गिऱ्हाईक आहेत?"

"त्यांच्या बाहेरच्या बाकावर बाजारातलं कोण कोण बसलेलं असतं, बघितलंस ना?"

त्या थरथरीवर इलाज होता. औषध बदलता आलं असतं, डोस हळूहळू कमी करता आला असता. डॉक्टरांनी हे आम्हाला नंतर सांगितलं, तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

मग एकदा तो वहिनीला म्हणाला, "पाकीट माझ्याकडे दे. मी काय लहान आहे?" वहिनीला बरंच वाटलं. नवरा जबाबदारीनं वागतोय म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? पाकीट दुकानात गेलं. काही दिवसांनी मी सहज तिकडे गेले, तर हा सोनाराच्या छोट्या काट्यात गोळी तोलत बसलेला. टेबलावर पांढरी भुकटी, हातात सगळ्यात बारीक कानस. लपवालपवी काही नाही. उलट कौतुकानं मला दाखवायला लागला.

"रोज थोडी घासतो. एकदम नाही हं. एकदम वजन काढलं तर पारडं आपटतं, एवढं मला कळतं."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? पारडी सम झाली की हात काढून घ्यायचा. त्यानंतरही वजन टाकत राहायचं म्हणजे वेडेपणा." तो शब्द वापरून तो स्वतःच हसला.

"अरे, गोळी आहे म्हणून बरा आहेस. नीट दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मा फेकून देतं का?"

"चष्म्यानं हात थरथरत नाहीत," तो म्हणाला.

मी तडक घरी जाऊन वहिनीला सांगितलं.

वहिनीनं पाकीट परत मागितलं, तर आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला. डॉक्टर फोनवर म्हणाले, स्वतःच्या मनानं गोळी कमी करू देऊ नका, त्यांना घेऊन या. पण हा कशाला येतोय? आणि खरं सांगायचं तर तो तेव्हा अगदी छान होता. हात स्थिर झाले होते, पहाटे उठायचा, वहिनीची नक्कल करून तिला हसवायचा. ठणठणीत माणसाला ओढत दवाखान्यात न्यायचं, ते कशाच्या जोरावर?

आधी झोप गेली. मग तो आपली वजनं पुन्हा पुन्हा तपासायला लागला. कुणीतरी ती बदलतंय म्हणाला. आणि एक दिवस छोटा काटा घेऊन तो स्वयंपाकघरात आला. मीठ, पीठ, साखर, सगळं स्वयंपाकाआधी तोलायचं आणि नंतर पुन्हा तोलायचं. वहिनी जेवणात काहीतरी घालते, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तिच्या हातचं पाणीसुद्धा बंद झालं. स्वतः सोललेलं फळ तेवढं खायचा, तेही दाराकडे पाठ न करता. तिच्या हातून गोळी घ्यायचा तर प्रश्नच नव्हता.

मी वहिनीला बाजूला घेतलं. "गोळी चुरून घाल कशात तरी. त्याला कळणारही नाही."

ती ओट्याचा कोपरा पुसत म्हणाली, "ताई, मी जेवणात काहीतरी घालते असं ते म्हणतात. आज ते खोटं आहे. तेवढं तरी खोटं राहू दे."

"अगं, आधी बरा तर होऊ दे."

"बरे झाल्यावर कळलं तर? मग ते आयुष्यभर कुणाच्या हातचं खातील?"

माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता आणि तिच्याकडेही नव्हता. आम्ही दोघी धडधाकट बायका एका माणसाला एवढीशी गोळी देऊ शकत नव्हतो.

शेवटी भरबाजारात त्यानं एका भाजीवाल्याचा काटा हिसकावून रस्त्यावर आपटला. चौघांनी धरून त्याला दवाखान्यात नेलं. तो माझं नाव घेऊन हाका मारत होता आणि मी त्याच्या चपला हातात घेऊन मागून धावत होते. दुसरं काय करणार होते?

तो घरी आला तेव्हा डॉक्टरांनी औषध बदलून थरथरीचंही बघितलं होतं आणि बजावलं होतं, की बरं वाटलं म्हणून गोळी थांबवायची नाही, आणि रोज कुणीतरी समोर उभं राहून द्यायची. वहिनीच्या हातून तो घेईना. म्हणून रोज संध्याकाळी मी जाते. तो गोळी घेतो, पाणी पितो आणि मग तोंड उघडून जीभ वर करून मला दाखवतो. ज्यानं मला सायकल शिकवली, तो. मी बघते आणि "हं" म्हणते. वहिनी तेवढा वेळ आतच थांबते.

हळूहळू फरक पडत गेला. झोप आली. भिंतीतली माणसं गप्प झाली. काल मी गेले तेव्हा तो चक्क ताटावर बसला होता आणि वहिनी वाढत होती. कुठलाही काटा न आणता तो पोटभर जेवला. मग हात धुऊन आला, माझ्याकडून पाण्याचा पेला घेतला आणि वहिनीकडे बघून म्हणाला, "आता अगदी बरं वाटतंय गं."

हे ऐकायला वहिनीचे कान आसुसले होते. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावर नुसती भीती दिसली.

मी पटकन गोळी पुढे केली. दादानं ती तळहातावर घेतली, थोडा वेळ बघितली.

"ही अजून किती दिवस?" त्यानं विचारलं. आवाज शांत होता, शहाण्या माणसाचा होता. आणि तो आमच्या उत्तराची वाट बघत बसून राहिला.