नव्या लेन्सची बोहनी

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला "एवढं काय त्यात" म्हणायला नको. विजेला भिते, सापाला भिते, घाटाच्या उतारावर गाडीत डोळे मिटून बसते. पण या सगळ्यांहून जास्त भिते अस्वलाला. माझं माहेर नाकाडोंगरीकडचं, जंगलाला अगदी लागून. तिकडे लेकरांना वाघाची भीती घालत नाहीत, अस्वलाची घालतात. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा बाजूला होतो. अस्वल दचकलं की सरळ अंगावर येतं आणि तोंडच धरतं. आमच्या गल्लीत एक काका होते, ते बारा महिने दुपट्ट्याने अर्धा चेहरा झाकून फिरायचे. त्या दुपट्ट्याखाली काय होतं ते मी एकदाच पाहिलं आणि कित्येक दिवस जेवण गेलं नाही.

आणि अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो फोटोवाला! नोकरीत होते तोवर ठीक होतं. निवृत्त झाले आणि भंडाऱ्यातल्या हौशी फोटोवाल्यांच्या टोळीत शिरले. मी टोळीच म्हणते. पाच-सहा जण आहेत, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि दर रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर जमतात. बोलणं फोटोंबद्दल कमी, खरेदीबद्दल जास्त. कुणी नवा ट्रायपॉड आणलेला असतो, तर कुणी कॅमेऱ्याला घालायला पानाफुलांच्या रंगाचं झबलं. एकाने जीपच्या खिडकीवर कॅमेरा टेकवायला पिशवी मागवली, ती आली रिकामी, तर बायकोला न विचारता घरचा चिन्नोर भरला तिच्यात. चांगला सुवासिक तांदूळ! त्या बाईने आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता. बरं केलं.

नवी वस्तू आली की यांची एक रीत आहे. खोकं टपरीवर सगळ्यांसमोर उघडायचं, नारळ फोडायचा, वस्तूला हळदीकुंकू लावायचं. काचेला लागू नये म्हणून टोळीतले दाताचे डॉक्टर ते काडीने लावतात. मग बोहनी. म्हणजे नव्या लेन्सचा पहिला फोटो. तो फुलाचा नाही, देवळाचा नाही, जिवंत प्राण्याचाच पाहिजे, आणि मालकाची बोहनी होईपर्यंत बाकीच्यांनी बटण दाबायचं नाही. लग्नातही एवढे मानपान नसतात.

आमच्या घरी कितीतरी वर्षं एकच मोठी लेन्स होती, दुधीभोपळ्याएवढी. तिच्यामुळे मी निवांत होते. ती लावून हे पार लांब, तलावाच्या पाळीवर उभे राहायचे आणि पलीकडच्या काठावरचा पक्षी त्यांना पिसांसकट दिसायचा. रानडुक्कर, नीलगाय, एकदा बिबट्यासुद्धा यांनी तसाच काढला. चौकट प्राण्याने भरली की बटण दाबायचं, एवढं त्यांच्या हाताला ठाऊक. प्राणी मात्र असायचा धानाच्या शेतातल्या दोन-तीन बांध्या ओलांडून पलीकडे.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी यांनी आखूड लेन्स घेतली. वाटीएवढी. कौतुकाने माझ्या डोळ्याला लावली आणि म्हणाले, "पाय, सारं आंगण मावते." मी पाहिलं. आमचं फाटक रस्त्यापलीकडे असल्यासारखं दिसत होतं. मी हात लांब केला तर बोटं सळीवर आपटली. एवढीशी लेन्स, पण जवळचं सगळं लांब ढकलून देत होती.

"ही कशाला हो आता?" मी विचारलं.

"आता नुसतं जनावर कोणी पाहत नाही. जनावर, त्याचं जंगल, आभाळ, सारं एका फोटोत पाहिजे."

दाताचे डॉक्टर तिथेच चहा पीत होते. ते म्हणाले, "फक्त जवळ जावं लागते, वहिनी."

जवळ म्हटल्याबरोबर मी दोघांनाही झाप झाप झापलं. हे हसले. "तुले काय, पाल दिसली तरी तू पलंगावर चढतं," म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी माझ्या वहिनीला, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोला, यांनी परस्पर फोन लावला. मोह पडायला लागला का, अस्वल येते का, आम्ही येऊन राहिलो.

आता मोह वेचायची आमच्याकडची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोहाची फुलं पहाटे गळतात. बाया उजाडायच्या वेळेला टोपल्या घेऊन जातात. झाडाखालचा पाला आधीच जाळून ठेवलेला असतो, त्या काळ्या राखेवर पिवळी फुलं चटकन दिसतात. पण ही फुलं अस्वलालाही फार आवडतात. म्हणून बाया लांबूनच तेलाचा रिकामा पिपा बडवत जातात, मोठमोठ्याने बोलतात, एकमेकींना हाका मारतात. अस्वलाला वेळेवर कळलं की माणसं येताहेत, तर ते आपलं आपण निघून जातं. आवाज लांबून करायचा. जवळ गेल्यावर करायचा नाही. माझ्या आईनेही तसंच केलं, तिच्या आईनेही.

आम्ही आदल्या दिवशी गेलो. यांच्यासोबत फक्त डॉक्टर होते, आणि मी. मी कशाला गेले? घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेले बरे, म्हणून. रात्री जेवताना यांनी वहिनीला म्हटलं, "उद्याच्या दिवस पिपा वाजवू नोका जी. अस्वल पळून जाईन."

वहिनीचा वाढता हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही ऐकू नका यांचं." पण माहेरी जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्यातून हे मोठे जावई. वहिनी म्हणाली, "बरं, जवाईबापू," आणि शेजारणींनाही तसं सांगून आली. मी रागाने भात तसाच ठेवून उठले.

सकाळी निघालो, मागून शेजारणी टोपल्या आणि पिपे घेऊन. लांबून खाणीच्या ट्रकांची घरघर येत होती, बाकी सगळं चिडीचूप. त्या रस्त्याने चूपचाप चालायची मला सवयच नाही. लहानपणापासून तो रस्ता म्हणजे पिप्यांचा आणि बायांचा कालवा. वहिनी रिकामा पिपा काखेत दाबून चालत होती, त्याला पदर गुंडाळलेला, वाजू नये म्हणून. दर झुडपाआड मला अस्वल दिसत होतं.

आणि खरंच दिसलं. नाल्याच्या अलीकडे मोठा मोह आहे, त्याच्याखाली. तोंड खाली घालून फुलं खात होतं. पाठीवर पिल्लू. पिल्लू असलेली अस्वलीण कशी असते ते आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

आम्ही पळसाच्या झुडपामागे थांबलो. यांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुढे निघाले.

मला वाटलं, दोन पावलं जातील आणि थांबतील. आजवर तसंच व्हायचं. हे दोन पावलं गेले, आणखी दोन गेले, आणि जातच राहिले. डोळा कॅमेऱ्यातून बाहेर नाही. खाली वाळलेला पाला नाही, नुसती राख, त्यामुळे पावलांचा आवाजही नाही. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हे चौकट भरायची वाट पाहून राहिले! इतकी वर्षं चौकट भरली तरी जनावर बांध्यांपलीकडे असायचं, आणि हाताला तेवढंच माहीत. आज डोळ्याला ती वाटी लावलेली. तिच्यातून अस्वल दिसत असेल कोंबडीएवढं. ते मोठं दिसेपर्यंत हे चालणार.

मी ओरडायला तोंड उघडलं, तर वहिनीने माझं मनगट गच्च पकडलं. "बाई, आता ओरडू नोका. आता लय जवळ गेले. दचकन ते."

"मग काय करू वो?"

तिलाही माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डॉक्टर म्हणजे नुसता पुतळा. बोहनी व्हायच्या आधी बटण दाबायचं नाही म्हणून कॅमेरा पोटाशी धरून उभे. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "बोलवा न त्यांना!" त्यांनी कॅमेरा आणखी घट्ट धरला.

ओरडले तर माझ्या आवाजाने अस्वल उठणार. नाही ओरडले तर हे आपल्या पायांनी त्याच्या तोंडात जाणार. मी दोन्हीकडून मेले होते. देवाचं नावसुद्धा आठवेना. सारखा तो दुपट्टा दिसत होता, आणि दुपट्ट्यावर यांचे डोळे.

अस्वलाने मान वर केली. फूं-फूं करून हवा हुंगली. आणि मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, पुऱ्या माणसाएवढं. पिल्लाने पाठीचे केस धरले.

यांनी काय करावं? आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

मग मी काही विचार केला नाही. वहिनीच्या काखेतला पिपा ओढला आणि दगडाने बडवायला लागले. सोबत ओरडत होते, काय ते मलाही ठाऊक नाही. वहिनी म्हणते मी यांना शिव्या देत होते. अस्वल धप्पकन चार पायांवर आलं आणि "हुर्र" करून यांच्याकडे धावलं. मा माय! मी डोळे मिटले नाहीत. आयुष्यभर उतारावर डोळे मिटणारी मी, तेव्हा एक पापणी हलली नाही. तेवढ्यात मागच्या वाटेवर थांबलेल्या बायांनीही पिपे वाजवायला सुरुवात केली. चारी बाजूंनी एकच गलका. अस्वल जागच्या जागी वळलं, राखेचा लोट उडाला, आणि पिल्लाला घेऊन नाल्यात उतरून दिसेनासं झालं.

हे तिथेच उभे. कॅमेरा डोळ्यालाच. कॅमेऱ्याची टकटक पिप्यांच्या आवाजातही मला ऐकू आली. मला वाटलं, बटणावर बोट ठेवूनच भीतीने गोठले बिचारे.

मी धावत गेले आणि यांची कॉलर धरली. गावच्या सगळ्या बायांसमोर छातीवर बुक्क्या मारल्या. "मरायचंच होतं तर भंडाऱ्यात मरायचं, माझ्या माहेरात कायले आले?" वगैरे. डॉक्टर मागे खाली बसले होते, उठवेना त्यांना.

हे हसले. "अवो, किती लांब होतं ते. हे पाय." पडद्यावर फोटो दाखवला. खरंच, सगळं मावलं होतं त्यात. मोह, नाला, तांबूस आभाळ, आणि मधे एवढंसं अस्वल, जांभळाएवढं.

मी यांना खाली पाहायला लावलं. राखेत अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते आणि त्यांच्यासमोर यांच्या बुटांचे ठसे. मधे एक खाट टाकली असती तर दुसरी मावली नसती.

"ते तर नंतर पळतानाचे असतील," म्हणाले.

भंडाऱ्याला परतेपर्यंत यांच्या फोनची टुणटुण थांबली नाही. टोळीने वाहवा चालवली होती. काय बोहनी झाली, साहेब! पुढच्या खेपेला आणखी थोडं जवळून घ्या. हे मोठ्याने वाचून दाखवत होते आणि डॉक्टरही आता हसायला लागले होते. मी खिडकीबाहेर पाहत होते. घरी गेल्यावर काय काय सुनवायचं ते मनात एकेक जमवत होते.

घरी आलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि यांनी अंघोळीला गरम पाणी मागितलं. मी बादली घेऊन गेले तर हे मोरीच्या उंबऱ्यावर बसलेले, शर्टाचं वरचं बटण काढून राहिले होते आणि ते निघत नव्हतं. मी बादली ठेवली, समोर बसले आणि बटणं काढायला लागले. बोलायचं सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

"मले वास आला होता त्याचा," हे म्हणाले.

"कशाचा?"

"त्याच्या तोंडाचा. आंबूस. मोहाच्या फुलाचा."

माझा हात थांबला.

"वास येऊन राहिला होता, अन् मी मनात म्हटलं, अजून थोडं."