तिथे मिलिटरीचीच गाडी चढेल

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, भंगार आणि किस्से. भंगाराला निदान गिऱ्हाईक तरी येतं. किस्से तसेच पडून राहतात आणि कुणी चहा मागवला की बाहेर निघतात.

शिळफाट्याजवळ इस्माईलचाचाचं वेल्डिंगचं गॅरेज, तो आमचा कट्टा. चाचा मालक. चंदर त्याच्याकडे कटिंग-ग्राइंडिंग करतो आणि रोज डोंगरातल्या वाडीतून चालत उतरतो. मी पिकअपवाला, भाडं नसलं की तिथेच पडीक. आमचे सगळ्यात गाजलेले किस्से एका मिलिटरी ट्रेलरचे. हसत हसत सांगतो मी ते. शेवटचा सोडून.

*

सुरुवात माझ्यापासूनच करतो. चंदरची बायको सुगंधी बाळंतपणाला अडली, तेव्हा त्याने वाडीवरून मला फोन केला. "भाऊ, गाडी घिऊन या वर. लवकर."

मी म्हणालो, "अरे, ती वाट काय गाडीची आहे? तिथे मिलिटरीचीच गाडी चढेल."

माझी गाडी तेव्हा चार महिन्यांची होती. दिवस उन्हाळ्याचे होते आणि वाट कोरडी ठणठणीत होती, हेही सांगून टाकतो. मग वाडीतल्यांनी सुगंधीला झोळीत घातलं आणि झोळी बांबूला बांधून खांद्यावरून खाली आणली. अर्ध्या वाटेत ती गेली. पोटातलंही गेलं.

चंदर मला एका शब्दाने बोलला नाही. मी सांगितलं ते त्याने खरं मानलं होतं.

*

वर्षभराने मोहोपाड्याकडच्या एका भंगारवाल्याने लष्कराच्या लिलावातलं सामान उचललं. चाचा पत्रा बघायला गेला, सोबत चंदर. तिथे तो ट्रेलर उभा होता, हिरवा, दोन उंच चाकांचा, बाजूला पांढरा नंबर पुसट झालेला. चंदर त्याच्याभोवती तीनदा फिरला.

"मिलिटरीचाच हाय ना?"

"शंभर टक्के."

"डोंगर चढतो?"

"काश्मीर बघून आलाय, मामा!" भंगारवाला म्हणाला.

झालं. सुगंधीच्या चार शेळ्या होत्या, त्या नंतर वाडीत कुणाला दिसल्या नाहीत. ट्रेलरमध्ये खाट बसवायची, वर ताडपत्री घालायची आणि वाडीतलं आजारी माणूस यापुढे झोळीतून न्यायचं नाही, असा चंदरचा बेत होता. चाचाने खाट फुकट करून द्यायचं कबूल केलं.

*

त्या ट्रेलरच्या दांड्याला पुढे मनगटाएवढी जाड कडी. माझ्या पिकअपला मागे तसलं काहीच नाही. चंदरने कडीचं माप दोरीवर आणलं, चाचाने गाडीच्या मागे लोखंडी जोड ठोकला आणि जुन्या ट्रकची एक पिन घासून त्यात बसवली.

"टिकेल ना, चाचा?"

"तुझी गाडी तुटेल. माझा जोड तुटणार नाही."

चंदर चहा सांगायला गेला, तशी चाचाने तोंडावरची काच वर केली. "ट्रेलरला इंजिन नसतं, हे त्याच्या डोक्यात आलंय का रे?"

"आलं असेल की."

"मग वर ओढणार कोण?"

"मीच."

चाचाने काच पुन्हा खाली ओढली. "सांग त्याला," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही मालक, तुम्हीच सांगा." शेवटी कुणीच सांगितलं नाही. चंदर चहा घेऊन आला, आम्ही प्यायलो.

*

ट्रेलर ओढत आणताना खालापूरच्या अलीकडे हवालदाराने आम्हाला बाजूला घेतलं. "मिलिटरीचा माल कुठून उचलला? कागद दाखवा."

चंदर घरातले सगळे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. त्याने पिशवीच हातात दिली. हवालदाराने आत हात घातला आणि निघाला तो सुगंधीच्या मृत्यूचा दाखला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला, पुन्हा घडीवर घडी घातली, पिशवीत ठेवला.

"जा. हळू जा," म्हणाला. लिलावाची पावती त्याने मागितलीच नाही.

कट्ट्यावर हे ऐकून चाचा म्हणाला, "एवढा पक्का कागद आरटीओत पण मिळत नाही." चंदर हसला. आम्हाला हसता आलं नाही.

*

नव्या गाडीखाली लिंबू चिरडल्याशिवाय आपल्याकडे कुणाचं समाधान होत नाही. खाट बसली, ताडपत्री लागली आणि गॅरेजसमोर पूजा मांडली. हार झाला, नारळ फुटला, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली.

आता चालवणार काय? पिकअप तर सोडून बाजूला लावलेली. म्हणून चाकांपुढचे दगड काढले आणि चौघांनी मिळून ट्रेलर ढकलला. लिंबं फुटली, आणि ट्रेलर उताराने जो सुटला तो थेट चहाच्या टपरीत! चंदर कडीला धरून फरफटत गेला. त्याची दोन नखं निघाली.

टपरीवाला फुटके ग्लास गोळा करत म्हणाला, "तुमची दृष्ट उतरली बघा. माझ्यावर."

मी चंदरच्या बोटांना चिंधी बांधत होतो. तो ट्रेलरकडे बघत म्हणाला, "भाऊ, याला वढायला गाडी लागंल."

"लागेल," मी म्हणालो. आणि चिंधीला गाठ मारली.

*

महिन्याभराने सकाळीच निरोप आला, चंदरची सासू अंगणात पडली, खुबा मोडला. म्हातारी लेकीच्या मागे चंदरकडेच राहायची. ट्रेलर अजून गॅरेजमध्येच होता. चाचाने पिन घातली, ओढून बघितली आणि मान हलवली. चंदर माझ्याशेजारी बसला.

डांबरी रस्ता संपला आणि मी पहिला गिअर टाकला. मागे लोखंडाचं एवढं धूड, तरी गाडी चढत होती. एखाद्या वळणावर तरी चाक फिरावं, गाडी अडावी, असं मला मनापासून वाटत होतं. कुठेच अडली नाही. निम्म्या वाटेत एका दगडापाशी चंदर म्हणाला, "इथं पानी मागितलान तिनं." मी गाडी थांबवली नाही. वाडी यायला पंधरा मिनिटं लागली.

म्हातारी अंगणात गोधडीवर पडली होती. तिने ट्रेलर बघितला, मग माझी पिकअप बघितली.

"कोनाची रं ही?"

"भाऊंची."

"तिनंच वढत आनला हा?"

"व्हय, आये."

"चढते मंग," म्हातारी म्हणाली.

चंदर उठला. गाडीच्या मागे गेला आणि हातोडीने पिन ठोकून काढली. कडी जमिनीवर पडली. मग चौघांनी म्हातारीला गोधडीसकट उचललं आणि माझ्या पिकअपच्या हौद्यात ठेवलं. ट्रेलरमधल्या खाटेकडे कुणी गेलं नाही.

चंदर पुढे आला. दार उघडून त्याने ती पिन माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली, दार लावलं आणि मागे म्हातारीच्या उशाशी जाऊन बसला.