टरबुजाचा रंग सुटला तेव्हा

ज्याच्या दृष्टीआड काहीच राहत नाही, त्या सर्वसाक्षी नारायणाला वंदन करून लिहावयास बसतो. डिंडोलीतील आमच्या मंदिराच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या अंकासाठी विश्वस्तांनी माझ्या व्यवसायातील एखादा प्रसंग मागितला आहे. हा गेल्या हिवाळ्यातला.

कापसाचा बोळा हिरवा झाला होता. माझा हात तेथेच थांबला.

नानपुऱ्यातील एका पारशी घराच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी मी बसलो होतो. समोर मेजावर एक जुने तैलचित्र आडवे ठेवलेले. शेजारी घराच्या मालकीण रोशनबाई, वय माझ्याएवढेच. त्यांनी बोळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

माझा व्यवसाय कॉन्झर्व्हेटरचा, म्हणजे जुन्या वस्तूंची शुश्रूषा करणाऱ्याचा. संस्कृत पाठशाळेतून बाहेर पडलो तो एका संग्रहालयात पोथ्यांची वाळवी काढण्यासाठी. पोथ्यांवरून चित्रांकडे वळलो आणि तेथेच निवृत्त झालो. अजूनही कोणी बोलावले तर जातो.

हे चित्र फ्लेमिश होते, म्हणजे आज ज्याला बेल्जियम म्हणतात त्या भागातले, काही शतकांपूर्वीचे. प्रकार स्टिल लाइफ. त्यात देव नसतो, माणूस नसतो, फक्त मांडून ठेवलेल्या वस्तू असतात. येथे द्राक्षे होती, अर्धवट सोललेले लिंबू होते, कथिलाची सुरई होती आणि मध्यभागी मोठे हिरवे पट्टेदार टरबूज.

ते विकत घेणार होते हसमुखभाई. हिऱ्यांचे व्यापारी, धर्माने जैन. त्यांचे तारुण्य व्यापारानिमित्त अँटवर्पमध्ये गेले. त्या देशाच्या आठवणीसाठी त्यांना हे चित्र हवे होते. मला पाठवताना ते म्हणाले होते, "शास्त्रीजी, तिथं अशी शेकडो चित्रं पाहिली. प्रत्येकात कुणीतरी मेलेलं. बदक, मासा, हरीण. आणि ती लावायची जेवायच्या खोलीत, बोला! हे एकच चोख्खुं. माझ्या घरात कांदा येत नाही, यातही नाही. मी नीट बघून घेतलं."

रोशनबाईंचे यजमान सोराबजी अर्धांगाने अंथरुणास खिळलेले. घराचा लाकडी जिना इतका उभा, की वर्षभरात त्यांना खाली नेता आले नव्हते. अगियारीला लागून तळमजल्यावरचा एक फ्लॅट मिळत होता. बयाणा दिलेला. बाकीची रक्कम या चित्रातून यायची होती आणि बिल्डरने महिनाअखेरची मुदत घातली होती.

आता बोळ्याचे सांगतो. जुन्या चित्रावर संरक्षणासाठी व्हार्निशचा थर असतो. काळाने तो पिवळा पडतो. तो सुटतो की नाही हे पाहण्यासाठी काडीला कापूस गुंडाळून, सौम्य द्रावकात भिजवून, एका लहान जागेवर फिरवतात. कापूस पिवळा झाला तर ते व्हार्निश. त्यावर चित्राचा रंग आला, तर आपण चित्रच पुसत आहोत. आधी अतिनील दिव्याखाली पाहिले होते. नंतर लावलेला रंग त्यात काळपट दिसतो. परंतु येथे व्हार्निश इतके जाड, की दिव्याला त्याखालचे काही दिसलेच नाही.

"शास्त्रीजी, शुं थयुं?" रोशनबाईंनी विचारले.

"थांबा, बाई."

"थांबा म्हणजे? बोळा हिरवा झालाय."

या वृद्धेचे घर मी बोळ्याने पुसून टाकले, एवढेच मनात येत राहिले. नामस्मरण सुरू केले तर शब्द अडखळू लागले.

भिंग डोळ्याला लावले. तैलरंग म्हातारा झाला की त्यावर केसाएवढे तडे पडतात. टरबूज मूळ चित्राइतकेच जुने असते, तर तडे त्या हिरव्या रंगालाही चिरत गेले असते. येथे उलट होते. भेगाळलेल्या जमिनीवर पाणी ओतावे तसा हिरवा रंग तड्यांत उतरला होता. म्हणजे तडे आधीचे, टरबूज नंतरचे. मूळ चित्राला धक्का लागलेला नव्हता.

मी रोशनबाईंना हे समजावले आणि शेजारची नखाएवढी जागा साफ करण्याची परवानगी मागितली. त्यांनी मान हलवली. हिरव्या रंगाखालून करडे बारीक केस निघाले. मग लांब कानाचे मूळ आणि एक उघडा डोळा. निष्प्राण, ओलसर भासणारा, थेट माझ्याकडे रोखलेला. मी काडी खाली ठेवली.

"अरे खोदा," रोशनबाई हळूच म्हणाल्या, "आ तो ससलुं!"

शिकार करून आणलेला ससा. पूर्वीच्या कोणा मालकाने त्यावर टरबूज रंगवून घेतले होते.

रोशनबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "बंद करी दो. रंग आहेत ना तुमच्या पेटीत?"

"आहेत."

"मग? अर्ध्या तासात हसमुखभाई येतील. दोन ठिपक्यांचं काम."

आतल्या खोलीतून सोराबजींचा जड आवाज आला, "रोशन, सौदो थयो के?"

"थाय छे, थाय छे!" त्या ओरडल्या, आणि पदराने डोळे टिपू लागल्या.

दोन ठिपक्यांचेच काम होते, हे खोटे नाही. मी पेटी उघडली नाही, पण दूरही सारली नाही. सत्य सांगितले तर हे कुटुंब त्या जिन्याच्या वरच अडकून राहणार. न सांगितले तर एका अहिंसक गृहस्थाच्या भोजनगृहात मी मेलेला जीव टांगणार, तोही त्याने माझ्यावर विश्वास टाकला म्हणून. जिन्यावर पावले वाजली तेव्हा माझा हात पेटीवरच होता.

हसमुखभाई घारीचा डबा घेऊन आले. "मों मीठुं करो! झालं ना सगळं?"

"आधी हे पाहावे," मी म्हणालो आणि भिंग त्यांच्या हाती दिले.

ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग दोन पावले मागे सरकले. "मारेलुं छे?"

"होय. शिकारीचा ससा आहे."

"झाकला कुणी?"

"आपल्यासारखेच मन असलेल्या कोणीतरी. हे पट्टे तापीच्या वाळूत पिकणाऱ्या टरबुजाचे आहेत. रंगवणारा इथलाच असावा. पुन्हा झाकता येईल."

"मला तो दिसतच राहणार, शास्त्रीजी. आता कितीही झाका."

तेव्हा रोशनबाई म्हणाल्या, "हसमुखभाई, तुम्हाला न सांगता बंद करा, असं मीच यांना म्हणत होते. यांनी ऐकलं नाही."

हसमुखभाईंनी सशापुढे हात जोडून ओठांतल्या ओठांत नवकार मंत्र म्हटला आणि दाराकडे वळले. उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारले, "फ्लॅटचा बिल्डर कोण?" नाव ऐकून त्यांनी फोन लावला, बाजारातल्यासारखे मोठ्याने बोलले, एकदा हसलेही. मग म्हणाले, "दोन महिने थांबतो म्हणतो. पण बाई, मुदत वाढली म्हणजे चित्र विकलं गेलं असं नाही. लवकर गिऱ्हाईक बघा."

रोशनबाईंच्या संमतीने मी सगळे टरबूज उतरवले. सशामागून तांब्याचे एक सुंदर भांडेही निघाले. वाढीव मुदत संपत आली तरी कोणी फिरकले नाही. त्या दिवसांत मला रात्री तो डोळा दिसे. शेवटी मुंबईच्या एका संग्राहकाने चित्र घेतले, तेही ससा आहे म्हणूनच. सोराबजींना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणले. आता ते अगियारीच्या भिंतीशी ऊन खात बसतात. जाता-येता मला हाक मारून विचारतात, "केम शास्त्रीजी, आज कोनुं टरबूज काढ्युं?"

या प्रसंगापासून मी एक नियम पाळतो. विकणारा आणि घेणारा दोघेही समोर बसल्याशिवाय द्रावकाची बाटली उघडत नाही. आणि उघडण्यापूर्वी विचारतो, "रंग सुटला तर काय करायचे?" बहुतेक लोक हसतात. उत्तर मिळेपर्यंत मी थांबतो.

हे वाचणाऱ्याचे आणि त्याच्या घरातील लहानथोरांचे नारायण रक्षण करो. आपल्या वृद्धांना आधार, हातांना काम आणि झोपेला निर्भयता लाभो. शुभं भवतु.