नकाशावरचा पांढरा पाडा

माझी थोरली बहीण डोळखांबच्या पुढे, डोंगराआडच्या एका पाड्यावर दिलेली. मी शिकले आणि एका मोबाइल कंपनीत लागले. टॉवर कुठं उभारायचे ते ठरवणं आमचं काम. खरं तर ठरवायचा प्रोग्राम. त्याला डोंगरांची उंची, जंगल, वस्ती सगळं भरवायचं. मग कुठून कुठवर सिग्नल पोचेल याचं गणित तो मांडायचा आणि कमीत कमी टॉवरांत जास्तीत जास्त माणसं येतील अशा जागा निवडायचा. नकाशावर सिग्नल असेल तिथं हिरवा रंग, नसेल तिथं पांढरा. हायवे, शहापूर, आटगाव हिरवंगार. ताईचा पाडा पांढरा.

एका उन्हाळ्यात सिग्नल मोजायला मी जीपने तिकडं गेले. ताई शेजारी येऊन बसली. लॅपटॉपवरचे आकडे बघत म्हणाली, "इथं नाय येत गो. वर सागाच्या टेपाडावर चढलं तर दोन काड्या येतात." भावोजी भिवंडीला गोदामात कामाला. त्यांच्याशी बोलायला ती सांजच्याला टेपाड चढायची.

ऑफिसात परतल्यावर मी पाड्याजवळची जागा प्रोग्रामला सुचवली. टॉवर हवे तेवढे घे म्हटलं तर तो ती घ्यायचा. मर्यादा घातली की आधी तीच गाळायचा. मग मी पाड्याचं वजन, म्हणजे प्रोग्रामनं त्याला किती महत्त्व द्यायचं तो आकडा, वाढवून पाहिलं. पाडा हिरवा झाला आणि मुरबाडकडचं एक गाव पांढरं पडलं. साहेब मागं उभे होते. रागावले नाहीत. "त्या गावातही कुणाची तरी बहीण असेल," एवढंच म्हणाले. मी आकडा पहिल्यासारखा केला.

त्याच वर्षी श्रावणात बाबा शेताच्या बांधावर कोसळले, ते उठलेच नाहीत. कळल्यापासून गावी घरी पोचेपर्यंत मी ताईला फोन लावत होते. दर वेळी तोच यांत्रिक आवाज: संपर्क क्षेत्राच्या बाहेर. चुलतभाऊ तिला आणायला मोटारसायकल घेऊन निघाला. वाटेतल्या ओढ्याला पाणी होतं, तो अलीकडेच अडकला. इकडं संध्याकाळ व्हायला आली. भावकीतले म्हणाले, "आता ठेवता नाय येणार." कुणाची चूक नव्हती. बाबांना नेलं.

ओढा उतरल्यावर चुलतभावानं बाबांना बरं नाही एवढंच सांगून ताईला आणलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, गुडघ्यापर्यंत चिखलात. दारातली माणसं बघून तिला कळलं. रडायच्या आधी तिनं मला विचारलं, "फोन केलावतास का गो?"

"केला होता ताई. लागला नाय."

"काल पाऊस व्हता. टेपाडावर गेलेच नाय मी," ती म्हणाली. जणू तिचंच चुकलं होतं. मला तिला सिग्नलचं गणित सांगता येत होतं. मी तिला आत नेलं, पाय धुवायला पाणी दिलं.

पुढं काही वर्षांनी दुसऱ्या कुठल्या कंपनीनं तिकडं टॉवर उभारला. तोवर पाड्यातली निम्मी घरं कामासाठी बाहेर पडली होती. ताई मात्र तिथंच आहे. फोन आता तिच्या घरात लागतो. आई कशी आहे विचारते, भात कसा आला सांगते. बाबांचा विषय निघाला की पाऊस कसा आहे विचारते, आणि मी सांगते.