गाय होती, गोठा नव्हता

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं गरगरतं. खून, दरोडे यांचा छडा लावताना जेवढा गोंधळ झाला नाही, तेवढा एका गायीने घातला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी सिंधुदुर्गात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एक निनावी अर्ज टपालाने आला. तोंडवलीतल्या एका मासेविक्रेत्या बाईने दुधाच्या योजनेत सरकारी अनुदानावर गाय घेतली, पण तिच्या दारात गायच नाही, असं त्यात लिहिलं होतं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो. घर वाळूतच होतं. जाळी वाळत पडलेली, गोठा नाही, दावं नाही. सरळ अपहार, असं मनाशी ठरवून मी पंचनामा केला.

बाईंना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं.

"गाय कुठे आहे?"

"आसा, सायबानू."

"खंय आसा?" हवालदाराने विचारलं. तो तिथलाच.

"आसा मरे खंयतरी."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, गाय माजी नाय. तिसऱ्या दिवशी पुन्हा माजीच. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. त्या नुसत्या पदर पिळत बसल्या. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस पाठ केल्यासारखा तेच तेच बोलतो. या बाई रोज वेगळं बोलत होत्या. म्हणजे लबाड की घाबरलेल्या? मला काही कळेना, आणि कळत नाही हे कबूल करायची आम्हाला सवय नसते.

हवालदारानेच धागा काढला. "साहेब, गोठो नाय, पण दूध आसा." बाई रोज सकाळी फाट्यावर जाऊन एसटीतून दुधाची किटली उतरवून घेत आणि सुक्या बांगड्यांची पिशवी वर चढवत. ड्रायव्हरला विचारलं. किटली फोंडाघाटहून येत होती.

बाईंना घेऊन तिथे गेलो. घाटाच्या पायथ्याला हिरवंगार गवत आणि त्यात गाय. कानातला बिल्ला कागदावरच्या नंबराशी जुळला. राखणारी होती बाईंची विधवा बहीण.

"वाळवेर गाय काय खातली?" बहीण म्हणाली. "म्हणान माका सांभाळूक दिल्यान. अर्धा दूध तिका, अर्धा माका."

आमच्याबरोबर आलेल्या बाई आता रडायला लागल्या. "सांगला तर गाय काढून न्हेतलात. मगे माजी भयण खातली काय?"

मला खरंच बरं वाटलं. बाई चोर नव्हत्या. ठाण्यात येऊन अहवाल लिहिला: गाय अस्तित्वात आहे, अपहार झालेला नाही. आणि काही लपवलं असं नको म्हणून शेवटी एक ओळ जोडली: मात्र जनावर लाभार्थीच्या ताब्यात नाही.

संबंधित खात्याने तेवढी ओळ वाचली. गाय लाभार्थीच्या दारात हवी, नाहीतर अनुदान परत करा, असा आदेश निघाला. टेम्पोत घालून गाय तोंडवलीला आणली, वाळूत उभी करून फोटो काढला, फाइल बंद झाली. पुढे वाळूत चाऱ्याविना गाय आटली. दोन्ही घरांचं दूध गेलं.

काही महिन्यांनी फोंडाघाटच्या बाजारात ती बहीण भेटली. आता ती दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात होती. ती म्हणाली, "सायबानू, चोरान गाय न्हेल्यान असती, तर तुमच्याकडे तक्रार तरी करूक गावली असती. आता खंय करू?"

मी खरं तेच लिहिलं होतं, नियमानेच वागलो होतो. तरी मला तिच्या डोळ्यांत बघवेना. गुन्हा शोधताना, आपण शोधल्यामुळे कुणाचं काय जाणार, हेही विचारायचं असतं, हे मी तिथे उशिरा शिकलो. नोकरीत हजारो तक्रारी नोंदवून घेतल्या. तिची कोणाविरुद्ध नोंदवायची, ते मला अजून उमगलेलं नाही.