कुमुदताई आज खरंच गेल्या

या वेळी बातमी खरी आहे.

माझ्या सासूबाई, नाटक-सिनेमातल्या अभिनेत्री कुमुदताई, आज पहाटे सिल्वासाला आमच्या घरी गेल्या.

'या वेळी' मुद्दाम म्हणतेय. गेल्या वर्षी त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या एक बाई वारल्या आणि कुणीतरी फोटो आमच्या आईंचा टाकला. दुपारपर्यंत श्रद्धांजल्यांचा ढीग.

मी शाळेतून, नवरा कंपनीतून, दोघं धावत सिल्वासातल्या डोकमर्डीला घरी पोचलो. आई मेथी निवडत बसलेल्या.

नवरा रडायलाच लागला.

"अरे, मी आहे ना! काय लिहिलंय ते वाचून तरी दाखवा."

मोतीबिंदूमुळे त्यांना स्क्रीन दिसायची नाही. मी वाचत गेले. एका मोठ्या दिग्दर्शकाने लिहिलं होतं, ताईंनी होकार दिला नसता तर माझं पहिलं नाटक उभंच राहिलं नसतं.

"बघ, विसरला नाही गं तो!"

इतका खुललेला चेहरा मी सिल्वासात कधी पाहिला नव्हता.

उभं आयुष्य नाटकाचे दौरे. मग सिनेमात कुणाची तरी आई, कुणाची तरी मोलकरीण. गुडघे गेले, कामं थांबली, तशा आमच्याकडे आल्या. इथल्या आमलीच्या बाजारात एखाद्या भाजीवाल्याने "बा, तमे पिक्चरमां हता ने?" म्हणत ओळखलं की त्या दिवशी घरात गरजेच्या दुप्पट भाजी यायची.

श्रद्धांजल्यांच्या त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने सगळ्यांना कळवलं, आई ठणठणीत आहे.

सॉरी. हात जोडलेले इमोजी. मग एकेक पोस्ट डिलीट.

आईंना मात्र वाटलं, आता फोन येतील.

"जिवंत आहे हे कळलंय ना त्यांना? मग काम देतील की. खुर्चीत बसून करायचं असलं तरी चालेल म्हणावं."

केस रंगवून घेतले. फोन सतत चार्ज करून उशाशी. रोज सकाळी बाल्कनीत जुन्या नाटकांतले संवाद म्हणून आवाज मोकळा करायच्या. खाली वॉचमन काम सोडून ऐकत उभा राहायचा.

फोन एकच आला. कुठल्याशा चॅनेलचा. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून कसं वाटलं?

"छान वाटलं हो," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

हळूहळू बाल्कनीतला आवाज बंद झाला.

"आई, आज नाही म्हणणार?"

"कुणासाठी गं?"

मी चहा ठेवायला आत गेले.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. असेल. पण मी रोज बघत होते, या बाईला वाट बघण्याने पोखरलं.

आज तेच सगळे पुन्हा लिहितायत. त्या दिग्दर्शकाने तर जुनाच मजकूर टाकलाय, एक शब्दही न बदलता. मला भयंकर राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

आई, सकाळपासून तुमचा फोन वाजतोय. मुंबईहून, पुण्याहून, कुठून कुठून.

मी उचलत नाहीये.

तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.